गाडी आपली, हात आपला: नव्या सेल्फ-सर्व्हिस वॉशिंग सेंटरवर गिऱ्हाईक कसं आणायचं आणि कसं टिकवायचं

वॉशिंग सेंटर म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेलं चित्र असतं. रॅम्पवर चढवलेली गाडी, गमबूट घातलेली दोन पोरं आणि बाजूला खुर्ची टाकून बसलेले मालक. सेल्फ-सर्व्हिसमध्ये यातली पोरं नसतात. प्रेशरची गन गिऱ्हाइकाच्याच हातात असते. तो मिनिटांचे पैसे देतो, आपली गाडी आपण धुतो आणि निघतो. जर्मनी, अमेरिका, जपान इथे ही पद्धत जुनी आहे आणि त्याचं मोठं कारण म्हणजे तिथे माणसाचा तास महाग आहे. पुण्यात, नाशकात, नागपुरात तसं नाही. इथे दुसरा माणूस परवडणाऱ्या पैशांत गाडी धुऊन देतो. त्यामुळे नवा बे (गाडी उभी करून धुवायची जागा) सुरू करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न ऐकावा लागतो, "पैसेपण मीच द्यायचे आणि गाडीपण मीच धुवायची?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. त्याचं उत्तर तयार नसेल तर बॅनर, पत्रकं, इन्स्टाग्राम, सगळा खर्च पाण्यात जातो. उत्तर आहे, आणि ते खरं आहे. रविवारी सकाळी नेहमीच्या सेंटरवर नंबर लावला की निम्मा दिवस तिथेच जातो. बेमधून गाडी वीस मिनिटांत बाहेर पडते. दुसऱ्याच्या हातातलं फडकं आधी कोणत्या गाडीवर फिरलंय हे आपल्याला कळत नाही. स्वतः धुताना ती धाकधूक नाही. दर निम्म्याच्या आसपास. आणि घरी बादली-पाइप घेऊन धुवायची सोय आता बऱ्याच सोसायट्यांमध्ये उरलेली नाही.

माझं ठाम मत आहे की या धंद्यात गिऱ्हाईक जाहिरातीपेक्षा पहिल्या धुण्यामुळे टिकतं. ज्याने आयुष्यात कधी प्रेशर गन धरलेली नाही असा माणूस पहिल्या खेपेला गाडी नीट धुऊन गेला, तर तो परत येतो आणि सोसायटीतल्या आणखी दोघांना घेऊन येतो. तो फेसाने माखलेली गाडी घेऊन घरी गेला, तर पुन्हा फिरकत नाही. म्हणून या लेखात त्या पहिल्या वीस मिनिटांना सर्वांत जास्त जागा दिली आहे. उदाहरणं पुणे आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातली आहेत. तुमच्या गावाप्रमाणे ती बदलून घ्या.

पायरी १: तुमचं गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरवा

"गाडी असलेला प्रत्येक जण" हे उत्तर कामाचं नाही. सुरुवातीला चार प्रकारची माणसं येतात आणि चौघांना वेगवेगळं हवं असतं.

पहिले बाइकवाले. स्वतःच्या बुलेटला किंवा केटीएमला दुसऱ्याने हात लावलेला ज्यांना खपत नाही अशी पोरं. ही मंडळी तुमची पहिली आणि सर्वांत निष्ठावान गिऱ्हाइकं. त्यांना वेळ हवा असतो, नीट उजेड हवा असतो आणि चेन साफ करायला एक कोपरा हवा असतो. ती रोज संध्याकाळी घोळक्याने येतात, फोटो काढतात आणि तुमची जाहिरात फुकट करतात.

दुसरे कॅबवाले. त्यांना गाडी रोज स्वच्छ लागते, पण धंद्याच्या वेळेत थांबायला परवडत नाही. दुपारी बारा ते चार हा त्यांचा मोकळा वेळ आणि नेमका तेव्हाच तुमचा बे रिकामा असतो.

तिसरे टेम्पो, छोटा हत्ती, स्कूल व्हॅन, जुन्या गाड्या विकणारे डीलर. डीलरच्या जागेत उभ्या असलेल्या गाड्यांवर रोज धूळ बसते आणि धुतलेली गाडी विकायला सोपी जाते. अशा एका डीलरशी महिन्याचं बोलणं झालं तरी आठवड्यातले मधले दिवस भरायला लागतात.

चौथे सोसायटीतले कारवाले. संख्येने सर्वांत जास्त आणि पटवायला सर्वांत अवघड. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. तुमची स्पर्धा शेजारच्या वॉशिंग सेंटरशी तेवढी नाही, जेवढी पहाटे पाच वाजता बादली आणि फडकं घेऊन येणाऱ्या गाडी पुसणाऱ्याशी आहे. तो महिन्याच्या ठरावीक पैशांत रोज गाडी पुसतो, घरमालकाला खालीही यावं लागत नाही. त्याच्या पोटावर पाय देऊन तुमचा धंदा वाढणार नाही, आणि तसा विचारही करू नका. त्याला सोबत घ्या. एका बादलीत आठ-दहा गाड्या पुसल्या की पाण्यात बारीक खडी उतरते आणि तेच फडकं पुढच्या गाडीवर गोल-गोल ओरखडे उमटवतं. चाकांच्या आतली माती, खालची बाजू, दारांच्या फटी हे त्याच्याने होत नाही, त्याची अपेक्षाही नसते. त्याने रोज पुसावं आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी तुमच्याकडे यावी, अशी मांडणी करा. त्याने पाठवलेल्या प्रत्येक गाडीमागे त्याला ठरलेले पैसे हातात द्या. पार्किंगमधली कोणती गाडी कोणाची, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

पायरी २: पहिल्यांदा आलेल्याची वीस मिनिटं

सेल्फ-सर्व्हिस म्हणजे बिनमाणसाचं सेंटर अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाका. निदान पहिलं वर्षभर बेपाशी एक माणूस हवाच. तो गाडी धुणार नाही, तो शिकवेल. गिऱ्हाईक उतरलं की पहिला प्रश्न, "दादा, पहिल्यांदाच आलात का?" (काकांना काका, ताईंना ताई, "ओ शेठ" म्हणून लांबून हाक मारू नये.) उत्तर "हो" आलं की त्याच्यासोबत दोन मिनिटं उभं राहायचं, मग बाजूला व्हायचं. सारखं मागे उभं राहिलं तर माणूस अवघडतो.

गन हातात देताना सांगायचं: "दोन्ही हातांनी धरा, आधी जमिनीवर मारून बघा." खटका दाबल्यावर गन मागे ढकलते. पहिला धक्का गाडीच्या दिशेने बसला तर माणूस बिचकतो, जमिनीवर बसला तर हसतो. या पाण्याचा मारा कातडी फाडू शकतो, म्हणून पायावर, हातावर, चपलेवरची माती काढायला गन कधीच वापरायची नाही आणि लहान मुलांच्या हातात ती द्यायची नाही, हे बोलूनही सांगा आणि भिंतीवरही लिहा.

नोझलबद्दल (गनच्या तोंडाला बसतं ते टोक) थोडं सविस्तर, कारण नवे मालक इथेच दुर्लक्ष करतात. प्रेशर वॉशरबरोबर रंगीत नोझलचा संच येतो. लाल म्हणजे शून्य अंशाची, पाण्याची सुईसारखी धार. पिवळी १५ अंश, हिरवी २५, पांढरी ४० आणि काळी साबणासाठी. लाल नोझल बेमध्ये ठेवूच नका, काढून कपाटात टाका. गिऱ्हाइकाच्या हातात हिरवी किंवा पांढरी पुरे. दाब नोझलपाशी शंभर बारच्या आसपास ठेवला तर कारला भरपूर होतो. अंतर हातभर. त्याहून जवळ नेलं की मागच्या काचेवरचं "आई-बाबांचा आशीर्वाद" निघून येतं, आणि जिथे रंगाला आधीच चीर आहे तिथे पापुद्रा सुटतो. मग भांडण होतं आणि ते भांडण रांगेतल्या चार जणांसमोर होतं.

धुण्याचा क्रम मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, चित्रांसह बेच्या भिंतीवर लावा. मी असा फलक लिहीन:

चाकं आधी धुवा. सर्वांत जास्त घाण तिथे असते.
सगळ्या गाडीवर नुसतं पाणी मारा, माती सुटू द्या.
फोम खालून वर मारा. तीन-चार मिनिटं थांबा, वाळू देऊ नका.
पाणी वरून खाली मारा.
शेवटचं पाणी निळ्या बटणाचं. त्यानंतर गाडी पुढे घ्या आणि पुसा.

निळं बटण कसलं, ते पायरी ४ मध्ये सांगतो. फोम खालून वर का, असं बरेच जण विचारतात. वरून मारला तर साबणाचे ओघळ खालच्या कोरड्या मातीवरून जातात आणि पट्टे उठतात. एवढं एक कारण सांगितलं की गिऱ्हाइकाला वाटतं, इथे धुण्यामागे काही विचार आहे. त्याचा भरवसा बसायला अशाच छोट्या गोष्टी उपयोगी पडतात.

दुसरा फलक "इथे गन मारू नका" असा. कारमध्ये रेडिएटरच्या जाळ्या, टायरची बाजू अगदी जवळून आणि इंजिनाचा भाग. बाइकला किल्लीचं भोक, हॉर्न, सायलेन्सरचं तोंड, मीटर, चाकांच्या बेअरिंगजवळचा भाग. विजेच्या गाडीचं चार्जिंगचं झाकण नीट बंद आहे ना, हे धुण्याआधी तपासायला सांगा. ओला, एथर, नेक्सॉनवाल्यांच्या मनात पाण्याची भीती असते. त्यांच्यासाठी ही एक ओळ वेगळी लिहिलेली दिसली की ते निश्चिंत होतात.

आता घड्याळ. पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक हमखास इथे बिथरतं. समोर आकडा उलटा पळत असतो आणि हातात गन. घाईघाईत छत राहतं, मागचं चाक राहतं आणि शून्य होतं तेव्हा अर्ध्या गाडीवर फेस असतो. वेळ संपली म्हणून फेसाळलेल्या गाडीसाठी पुन्हा पैसे मागितले तर तो देतोही, पण तो त्याचा तुमच्याकडचा शेवटचा व्यवहार. म्हणून तीन गोष्टी करा. गन स्टँडवर ठेवली की घड्याळ थांबलं पाहिजे. फोम मुरत असतानाच्या तीन-चार मिनिटांचे पैसे घेऊ नका. शेवटचा एक मिनिट उरला की बझर वाजला पाहिजे. आणि पहिल्या खेपेला दोन मिनिटं तुमच्याकडून, न मागता. त्या दोन मिनिटांचा खर्च किती, ते पुढे दाखवतो. चहापेक्षाही स्वस्त पडतो.

पुसण्याची जागा बेच्या बाहेर, पुढे, सावलीत ठेवा. ही चूक फार ठिकाणी दिसते: लोक बेमध्येच गाडी पुसत बसतात आणि मागे रांग लागते. पुसायला दोन गाड्यांची जागा, तिथेच व्हॅक्यूम आणि हवा. घरून आणलेल्या जुन्या शर्टाने पुसू देऊ नका, त्याची बटणं आणि शिवण रंगाला लागते. धुतलेलं मायक्रोफायबर कापड थोड्या पैशांत वापरायला द्या किंवा विकत ठेवा. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या बॉनेटवर पाणी मारलं की ते लगेच सुकून डाग पडतात, म्हणून बेवर पत्र्याची सावली पहिल्या दिवसापासून हवी. "नंतर बघू" म्हटलं की पहिला उन्हाळा हातचा जातो.

एक गोष्ट गिऱ्हाइकाला दिसत नाही, तरी तिच्यात काटकसर नको. ओल्या हातांनी गन धरणारा माणूस आणि विजेची मोटर यांच्यामध्ये नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलाच पाहिजे. मोटर बेमध्ये ठेवू नका, बाजूच्या बंद खोलीत ठेवा. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून काम करून घ्या आणि आरसीसीबीचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबून बघा.

पायरी ३: दर असा ठरवा की रिकामा बे भरेल

दर ठरवण्याआधी एका धुण्याला स्वतःचे किती पैसे जातात ते काढा. आकडे तुमच्या जागेचे घ्या. इथे समजुतीसाठी धरतो. समजा गन मिनिटाला १० लिटर पाणी फेकते आणि १०,००० लिटरचा टँकर १,५०० रुपयांना पडतो. म्हणजे लिटरला १५ पैसे, मिनिटाला दीड रुपया. ३ अश्वशक्तीची मोटर साधारण २.२ किलोवॉट, १२ रुपये युनिट धरलं तर मिनिटाला ४५ पैशांच्या आत. म्हणजे गनचा एक मिनिट तुम्हाला दोन रुपयांना पडतो. कार धुताना गन आठ मिनिटं चालली तर १६ रुपये, शाम्पू आणि शेवटचं पाणी धरून २५. १२० रुपये घेतलेत तर ९५ उरले.

आता दुसरी बाजू. भाडं ३५,००० धरा, माणसाचा पगार १८,०००, किरकोळ ४,०००. झाले ५७,०००. भागिले ९५, म्हणजे महिन्याला ६०० कार, दिवसाला २०. हे नुसतं भागायला, वर काही नाही. तासाला तीन गाड्या धरल्या तर बारा तासांत एका बेमधून जास्तीत जास्त ३६ निघतात. आणि त्यातल्या बहुतेकांना शनिवार-रविवारच हवा असतो.

हे गणित दोन गोष्टी सांगतं. एक, पाणी-वीज-साबण हा तुमचा मुख्य खर्च नाही. रिकामा उभा असलेला बे हा खर्च आहे. म्हणून पहिल्या खेपेची दोन मिनिटं फुकट देणं म्हणजे चार रुपये. दोन, नुसत्या कारवर भागणार नाही, मधल्या वेळेत बाइक हव्यात. बाइकला चार मिनिटं गन, खर्च ११-१२ रुपये, दर ६० ठेवला तर ४८ हाती राहतात आणि बे दहा मिनिटांत मोकळा होतो.

म्हणून सवलत द्यायची तर सरसकट देऊ नका, वेळेवर द्या. सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा ते चार कॅबवाल्यांसाठी कमी दर, किंवा महिन्याचा पास. रविवारी सकाळी कोणालाही सवलत नाही. "उद्घाटनानिमित्त ५० टक्के सूट" असले फलक मला पटत नाहीत. त्याने फक्त रविवारची रांग वाढते, नवखे लोक गोंधळात धुतात आणि नाराज होऊन जातात.

पावसाची हमी मात्र जरूर द्या: धुतल्यापासून २४ तासांत पाऊस आला, तर तीन मिनिटं नुसतं पाणी फुकट, पावती दाखवा. तुमचा खर्च सहा रुपये. पण "आज धुतली आणि उद्या पाऊस आला तर?" ही जी धाकधूक माणसाला जून ते सप्टेंबर घरी बसवते, ती जाते. फुकटच्या तीन मिनिटांसाठी आलेला माणूस बऱ्याचदा व्हॅक्यूमही करून जातो.

पैसे घेण्यासाठी सुरुवातीलाच महागडं नाण्यांचं यंत्र आणू नका. २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाल्यापासून खिशात सुटे बाळगायची सवयच गेली आहे. क्यूआर, पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा, आणि माणसाने दाबायचं टायमरचं बटण, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. रोखीवाल्यासाठी टोकन ठेवा. आणि कृपा करून स्वतःचं ॲप काढू नका. गाडी धुवायला आलेल्या माणसाला रस्त्यात उभं करून ॲप डाउनलोड करायला लावलं तर तो तसाच पुढे जातो.

पायरी ४: पाणी चांगलं हवं, आणि त्याचा हिशेब लोकांना दिसायला हवा

बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. गाडी धुतल्यावर काळ्या बॉनेटवर पांढरे ठिपके राहिले की गिऱ्हाईक म्हणतं, "घरी यापेक्षा बरी निघते." टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं मीटर काहीशे रुपयांत मिळतं, ते घ्या आणि टँकरचं, बोअरचं, नळाचं पाणी मोजा. सगळी गाडी शुद्ध पाण्याने धुवायची गरज नाही. शेवटचे आठ-दहा लिटर आरओचे असले की पुरे, टीडीएस ५०च्या खाली. नुसता सॉफ्टनर बसवून हे काम होत नाही. त्याने साबणाला फेस चांगला येतो, पण पाण्यातले क्षार पूर्ण जात नाहीत. वरच्या फलकातलं निळं बटण ते हेच. पुसायचा कंटाळा असणाऱ्यालाही त्यानंतर गाडी डागाविना सुकलेली मिळते, आणि हे तो दुसऱ्याला सांगतो.

पाण्याचा विषय आपल्याकडे नाजूक आहे आणि असायलाच हवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याच्या पाण्याने गाड्या धुवायला बंदी आली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड लागला. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी सुरू झालं. अशा भागात उघड्यावर पाणी वाहताना दिसलं तर लोक नावं ठेवतात, आणि टंचाई आली की पहिला बडगा वॉशिंग सेंटरवर पडतो.

त्यामुळे वापरलेलं पाणी तीन टाक्यांतून फिरवा: पहिलीत गाळ बसतो, दुसरीत तेल-ग्रीस वर तरंगतं ते अडवायचं, तिसरीतून गाळून परत घ्यायचं. हे पाणी चाकांना, खालच्या बाजूला आणि पहिल्या मातीला वापरता येतं. तेलकट पाणी पावसाळी गटारात सोडू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि महापालिकेचा परवाना यांची चौकशी जागा घेण्याआधीच करा.

आणि हे सगळं लपवून ठेवू नका. दारात एक पाटी लावा: एका कारला किती लिटर लागतं, त्यातलं किती फिरून वापरतो. पाइप सुरू ठेवून घरी गाडी धुतली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटरप्रमाणे वीस मिनिटांत दोनशे-तीनशे लिटर सहज जातं. गनने ऐंशी-नव्वदमध्ये भागतं. हेच आकडे घेऊन सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. उन्हाळ्यात टँकरचं बिल भरून कमिटी मेटाकुटीला आलेली असते. "पार्किंगमध्ये पाइपने गाडी धुवू नये" ही नोटीस त्यांनी लावलीच आहे. त्याखाली तुमचा पत्ता आणि सभासदांसाठीचा दर चिकटला, तर त्याहून चांगली जाहिरात नाही.

पायरी ५: रस्त्यावरून आणि फोनवरून सापडलं पाहिजे

रस्त्यावरच्या पाटीत तीनच गोष्टी: "गाडी स्वतः धुवा", "कार १२०, बाइक ६०", "वेळ २० मिनिटं". गाडीतून जाणाऱ्या माणसाला याहून जास्त वाचता येत नाही. दर लिहायला लाजू नका. न लिहिलेला दर जास्त असणार, असंच माणूस धरून चालतो. बेमध्ये आणि पुसायच्या जागेत भरपूर पांढरा उजेड ठेवा. संध्याकाळी सातनंतर चालत्या रस्त्यावर उजळलेला बे लांबून दिसतो, आणि रात्री ऑफिसातून परतणाऱ्या महिलांना तिथे थांबायला संकोच वाटत नाही. त्याच कारणासाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि चार खुर्च्या. हा खर्च गाडीवरचा नसला तरी तो गिऱ्हाईक आणतो.

गूगल मॅपवर नोंद फुकट होते. पिन बरोबर फाटकावर टाका, प्लॉटच्या मध्यावर नको. नाहीतर मॅप मागच्या गल्लीत नेऊन सोडतो. वेळा खऱ्या लिहा आणि सणाला बंद असाल तर बदला. फोटो भिंतीच्या फलकाचे, दरपत्रकाचे, बेमध्ये उभ्या गाडीचे हवेत. गणपती-दिवाळीच्या शुभेच्छांचे नकोत. गाडी पुसून झाल्यावर माणूस दोन पावलं मागे जाऊन तिच्याकडे बघतो. अभिप्राय त्याच क्षणी मागावा. त्यासाठी सवलतीचं आमिष दाखवू नका, गूगलला ते चालत नाही. वाईट अभिप्रायाला त्याच दिवशी, नम्रपणे आणि मुद्द्याचं उत्तर द्या.

व्हॉट्सॲप बिझनेसवरून ब्रॉडकास्ट पाठवता, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो पोचत नाही. म्हणून पावतीवर नंबर छापून "सेव्ह करा, पावसाची हमी याच नंबरवर" असं सांगा. मेसेज महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नाही, आणि कामाचा: "आत्ता बे रिकामा आहे", "उद्या सकाळी सातला उघडतोय".

पायरी ६: पंचांग आणि पाऊस बघून तयारी

आपल्याकडे गाडी धुणं सणाशी बांधलेलं आहे. खंडेनवमीला हत्यारं, अवजारं आणि गाड्यांची पूजा होते, दुसऱ्या दिवशी दसरा. त्याच्या आधीचे दोन दिवस वर्षातले सर्वांत गर्दीचे. तेव्हा पहाटे पाचला उघडा, रात्री उशिरा बंद करा, व्हॉट्सॲपवर टोकन द्या, एक माणूस फक्त रांगेसाठी ठेवा. दर मात्र वाढवू नका. सणाला दहा रुपये जास्त घेतल्याचं लोक वर्षभर बोलतात.

कमी लोकांच्या लक्षात येणारी वेळ म्हणजे पूजेनंतरची. बॉनेटवर काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक, हळदीची बोटं, झेंडूच्या ओल्या हारांचे पिवळे ओघळ. दोन-चार दिवस उन्हात राहिले तर पांढऱ्या गाडीवर कुंकवाची गुलाबी छटा मुरते. ते कोरड्या फडक्याने घासू नका, आधी भरपूर पाणी, मग फोम मुरू द्या, मग मऊ कापड. "पूजेनंतरचं धुणं" असा मेसेज दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला तर लोकांना तो जाहिरात वाटत नाही, आठवण वाटते. लक्ष्मीपूजन, पाडवा, अक्षय्य तृतीया या दिवशी नव्या गाड्या निघतात, तिथेही हेच. रंगपंचमीनंतर बाइकच्या सीटा आणि टाक्या रंगलेल्या येतात.

गणपतीला कोकणात गेलेल्या गाड्या परततात तेव्हा चाकांच्या आत आणि खालच्या पत्र्याला लाल मातीचा थर असतो. अलिबाग, काशीद, दापोलीहून आलेल्यांच्या गाड्यांना वाळू आणि मीठ. हे मीठ खालच्या बाजूला राहिलं तर पत्रा गंजतो. त्यासाठी खालून धुण्याचा वाकडा पाइप घ्या, त्याला चाकं असलेला मिळतो, आणि पावसाळाभर तोच पुढे करा. पावसाळ्यात "वरून धुऊन काय उपयोग, परत घाण होणार" हे गिऱ्हाइकाचं म्हणणं बरोबरच असतं. खालच्या चिखलाला ते लागू होत नाही.

पायरी ७: वही

रोज एक पान. तास, वाहन, नवं की जुनं गिऱ्हाईक, कोणी पाठवलं. शिकवणारा माणूस "पहिल्यांदाच आलात का?" विचारतोच, त्याने तिथेच खूण करायची. तीन महिन्यांनी पानं उलटा. नवे येतायत पण जुने दिसत नाहीत, असं असेल तर बॅनरवर एक रुपयाही घालू नका. दोन दिवस बेपाशी उभं राहून लोक कुठे अडतात ते बघा. फोम पातळ येतोय, बझर ऐकू येत नाही, पुसायची जागा उन्हात आहे, असं काहीतरी सापडतंच. जुने टिकून आहेत पण नवे येत नाहीत, तर मग पाटी, मॅप, सोसायट्या.

आणि रविवारची रांग बघून लगेच दुसऱ्या बेसाठी कर्ज काढू नका. आधी पुसायची तिसरी जागा करा, व्हॅक्यूमची दुसरी नळी बसवा, दुपारचे पास वाढवा. एवढं केल्यावरही बुधवारी संध्याकाळी दोन गाड्या थांबलेल्या वहीत दिसायला लागल्या, की जागामालकाशी शेजारच्या तुकड्याचं बोलणं सुरू करा.